शंभर परीक्षक म्हणजे शंभर मतं?

‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चं ते गाजलेलं पर्व आठवतं ना? फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली. परीक्षक दोनच होते, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. २०२१ मध्ये त्या पर्वातले पाचही अंतिम स्पर्धक परीक्षकांच्या खुर्चीत बसले. बीबीसीने तर २०१८ मध्ये ‘ऑल टुगेदर नाऊ’साठी शंभर परीक्षक आणले.

परीक्षक वाढले की निकाल अचूक होतो का? १९०६ मध्ये प्लिमथच्या जत्रेत, कापल्यावर बैल किती भरेल याचे अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहिले. गाल्टनने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८! कोणाचा अंदाज जास्त, कोणाचा कमी. चुकांची आपसांत फिटंफाट झाली.

पण तिथे प्रत्येकाने आपली चिठ्ठी आपण भरली होती. ‘ऑल टुगेदर नाऊ’मध्ये गाणं आवडलं की परीक्षक उठून सोबत गायचे. शेजारचा उठला की आपलेही पाय हलतात. मग डोकी शंभर, पण स्वतंत्र मतं त्याहून कमीच.

दुसरं म्हणजे, सगळ्यांच्या कानाला एकच वळण असेल तर संख्या वाढवून तो कल जात नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खंजेरी भजनात घडलेला मोकळा, चढा आवाज फक्त सिनेसंगीतावर वाढलेल्या तीस जणांपुढे ठेवून बघा. तीसही जण एकाच बाजूला चुकू शकतात, आणि ती चूक त्या पोराच्या नावावर लागते.

म्हणून गावात स्पर्धा घ्याल तेव्हा परीक्षक तीनच असू द्या, पण वेगवेगळ्या कानांचे. गुण आधी लिहून घ्या, चर्चा मग.