मुंबईच्या सागवानाची साक्ष

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. तेथील जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांची एक युद्धनौका आजही पाण्यावर उभी आहे. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया आणि लाकूड होते मलबारचे सागवान.

नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई पडली होती. म्हणून हे काम मुंबईकडे आले. नौकेचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांच्या हाती पडले आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. नौका इंग्लंडला पोहोचली ती १८१९ साली. तोवर युद्ध संपून चार वर्षे लोटली होती! पुढे तिने नौदलाची सेवा केली. १८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली. तेव्हा व्हीटली कॉब या गृहस्थांनी ती विकत घेतली, तिला ‘फूद्रोयां’ हे नाव दिले आणि तिच्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण मिळू लागले.

पोर्ट्समथ बंदरात तिच्या शेजारी ‘इम्प्लेकेबल’ नावाची जुनी नौका होती. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ती फ्रेंचांच्या बाजूने लढली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीचा खर्च उचलायला कोणी पुढे येईना. अखेर २ डिसेंबर १९४९ रोजी तिला भर समुद्रात नेऊन स्फोटाने बुडविण्यात आले. मुंबईत घडलेल्या इतर नौकांचे भाग्यही फारसे निराळे नव्हते. ‘गँजेस’ १९३० मध्ये मोडीत निघाली. ‘वेलस्ली’ १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाली.

‘त्रिंकोमाली’ मात्र १९८७ मध्ये हार्टलपूलला आणली गेली. त्या गावातील जहाजबांधणी १९६० च्या दशकातच थांबली होती. परंतु ‘वॉरियर’ या लोखंडी युद्धनौकेचा जीर्णोद्धार तेथे नुकताच पार पडला होता आणि अनुभवी हात उपलब्ध होते. १९९० मध्ये काम सुरू झाले, १९९२ मध्ये नौकेला तिचे मूळ नाव परत मिळाले आणि २००१ मध्ये काम पुरे झाले.

लहानशा कारखान्यात एखादी जुनी होडी दुरुस्त करणारा सुतार आणि हे कारागीर यांचा नियम एकच. आधी प्रत्येक फळी, प्रत्येक फासळी ठोकून पाहावी. कुजलेला भाग तेवढाच कापावा. त्याच मापाचा नवा तुकडा घडवून तिरप्या सांध्याने जुन्यात बसवावा. जे सुदृढ आहे त्याला हात लावू नये. या संयमामुळेच नौकेच्या सांगाड्यातील साठ टक्क्यांहून अधिक लाकूड मूळचे राहिले.

या यशात लाकडाचाही वाटा आहे. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागवानातील तेल त्यांना जपते. पण वाचकहो, उत्तम लाकूडही ओबडधोबड कामाने वाया जाते. वाडियांचे नाव इतिहासात नोंदले गेले. त्यांच्या हाताखाली करवत आणि रंधा चालविणाऱ्या सुतारांची ओळख त्या सांध्यांतच उरली आहे. पावणेदोनशे वर्षांनंतर परक्या देशातील कारागिरांनी तो सांधा उघडून पाहिला आणि तो पुन्हा होता तसाच बसविला. एका श्रमिकाला दुसऱ्या श्रमिकाने याहून मोठा मान तो कोणता द्यावा?