नळीत मावलेलं आयुष्य

मराठीत प्रवासवर्णनांची कमतरता नाही. विलायतेला गेलेल्या बॅरिस्टरांनी लिहिलं, तीर्थयात्रेला गेलेल्यांनी लिहिलं, युरोप पाहून आलेल्या प्राध्यापकांनीही लिहिलं. पण ज्यांनी उमेदीची तीस-तीस वर्षं समुद्रावर किंवा वाळवंटात काढली, त्यांच्या हातचं पान क्वचितच सापडतं. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम मोहल्ल्यांत अशी माणसं घरोघरी होती. एक पिढी बोटीवर गेली, दुसरी आखातात. माझे आजोबा पहिल्या पिढीतले, अब्बा दुसऱ्या. दोघांच्या प्रवासाची नोंद झाली, पण ती त्यांनी केलेली नाही. बोट कंपन्यांनी, शिपिंग ऑफिसनं आणि बंदरावरच्या कारकुनांनी केली.

खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याला त्या काळी ‘नळी’ म्हणत. हा कागद पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून जपायचा, म्हणून हे नाव. त्यात नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण. पुढं बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात वर्तणुकीचा शेरा. आजोबांच्या नळीत हा शेरा दर वेळी एकच आहे : ‘व्हेरी गुड’. खलाशी म्हणून लागलेला माणूस टंडेल झाला, सारंग झाला, हाताखाली माणसं आली. साहेबाच्या शिक्क्यात बदल झाला नाही.

मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी बोटींवर कामाची वाटणी साधारण मुलखाप्रमाणे असे. डेकवर कोकण, गुजरात, काठियावाडकडचे. इंजिनाच्या भट्टीशी पंजाब आणि सरहद्दीकडचे. भटारखान्यात नि जेवणघरात गोव्याचे. एका सारंगाच्या ओळखीनं अख्ख्या मोहल्ल्याची मुलं लागत, आणि त्याच सारंगाला दस्तुरी द्यावी लागे. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. १९०६च्या कायद्यानं बोटीवरच्या खलाशाची किमान जागा ७२ घनफुटांवरून १२० घनफूट केली, पण हिंदी खलाशांना त्यातून वगळलं. ७२ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, सहा फूट उंच आणि दोन फूट रुंद. जग फिरलेल्या माणसाच्या वाट्याला जगातली एवढी जागा आली.

बंदरात उतरल्यावरही कागद हाच आधार होता. १९२५ साली ब्रिटननं गौरेतर परक्या खलाशांच्या नोंदणीचा हुकूम काढला. साम्राज्याची प्रजा असूनही पुरावा दाखवता आला नाही, तर पोलिसांकडं परका म्हणून नाव लागे. जिथं ब्रिटिश राजाच्या नावानं कारभार चालत होता, त्या मुलखातला माणूस राजाच्या स्वतःच्या बंदरात परका ठरत होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं, तेव्हा याच खलाशांनी ब्रिटिश बंदरांत पगारवाढीसाठी संप केला. पाणबुड्यांच्या समुद्रात जायचं तर मजुरी वाढवा, एवढंच मागणं. अनेकांना तुरुंगात टाकलं गेलं, पण पगार वाढवावे लागले. युद्धात मेलेल्या हिंदी खलाशांची आणि नौसैनिकांची सुमारे साडेसहा हजार नावं असलेली स्मरणनोंद मुंबईत आणि चितगावात ठेवलेली आहे. मुंबईतली मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. शेजारच्या बाजारात खरेदीला जाणाऱ्या किती कोकणी कुटुंबांना हे ठाऊक असेल? आजोबा जिवंत परतले. त्या वर्षांबद्दल ते घरात बोलत नसत.

अब्बा १९६० मध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीनं कुवेतला गेले. तेव्हा तिथं रुपयाच चालत असे. रिझर्व्ह बँकेनं १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या होत्या. १९६१ मध्ये कुवेतचा स्वतःचा दिनार आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच कंपनीची ‘दारा’ ही बोट दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसं गेली. तरी माणसं जातच राहिली. आखाताच्या फेरीवरची शेवटची बोट, ‘द्वारका’, १९८२ मध्ये बंद झाली, तोवर गावचं घर कौलारूचं स्लॅबचं झालं होतं.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेत गिळलं. पुढं कुवेतचा दिनारही रद्द केला. तीस वर्षांची पुंजी एका हुकुमानं कागद झाली. अब्बा बसनं बगदादमार्गे जॉर्डनला पोहोचले. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान एअर इंडियानं अम्मानहून एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना परत आणलं. त्यातले ते एक. मागून संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडं भरपाईचा अर्ज करावा लागला. कुवेत सोडावं लागलेल्या एकट्या माणसाला किमान २,५०० डॉलर अशी रक्कम ठरली होती. पुन्हा नाव, बापाचं नाव, गाव.

आमच्या घरांत हे कागद जपून ठेवले जातात, ते आठवण म्हणून नाही. कुणीतरी कधीतरी विचारेल, तेव्हा दाखवता यावेत म्हणून. ही भीती उगाच नाही. ज्यांना प्रत्येक बंदरात आपण कोण हे सिद्ध करावं लागलं, त्यांची ती कमाई आहे. पण पुरावा जपता जपता हकिकत हातची गेली. नळीवर बोट कधी सुटली ते आहे. मागं घर कुणी चालवलं, ते नाही.

ते बायकांना ठाऊक आहे. पावसाळ्यात कोकणची बोटसेवा बंद असे. त्या महिन्यांत घरधनी मुंबईत उतरला तरी गावाला पोहोचणं अवघड. दादीनं शेतीचा खंड, मुलांच्या सुंता, मुलींची लग्नं, सासूचा मयत, सगळं मनीऑर्डरीच्या भरवशावर निभावलं. पत्र लिहायला दुसऱ्याचा हात लागे, त्यामुळं मनातलं लिहिणं शक्यच नव्हतं. अम्मी वाचू शकत होती. १९९० साली सहा आठवडे कुवेतहून चिठ्ठी नव्हती. त्या दिवसांत गावातल्या कुणाच्या घरी फोन होता, कोणत्या बाईनं तिच्याकडून उसने पैसे परत मागितले नाहीत, हे तिला आजही सांगता येतं. हे कुठल्याही आयोगाच्या अर्जात नाही.

फिरस्त्या बापांचा इतिहास लिहायचा तर निम्मा बंदरखात्याच्या दप्तरात आहे आणि निम्मा न फिरलेल्या आयांच्या तोंडी. दप्तर आणखी शंभर वर्षं थांबेल. आयांच्या बाबतीत तसं नाही. ज्यांच्या घरी अशी बाई आज ओसरीवर बसलेली आहे, त्यांनी कपाटातला कागद काढावा, तिच्यासमोर ठेवावा, आणि प्रत्येक तारखेवर बोट ठेवून एकच विचारावं : तेव्हा घरी काय चाललं होतं?