रयतमाउलीची चूल



जातिभेद म्हटला की आपल्याला पाणवठा आठवतो, देऊळ आठवते. पण तो रोजच्या रोज पाळला जायचा तो चुलीपाशी. कोणाच्या हातचे खायचे, कोणाला ओसरीवर वाढायचे, कोणाचे भांडे वेगळे ठेवायचे, हे घरातल्या बायकाच सांभाळत.

म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांबरोबर लक्ष्मीबाईंचेही नाव घ्यायला हवे. भाऊरावांचा जन्म १८८७ साली कुंभोजला, जैन घरात झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीला जेवत. अस्पृश्य मानलेल्या घरांतलीसुद्धा. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले.

लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. तरी त्या या साऱ्या मुलांच्या आई झाल्या. मुलांना दोन घास मिळावेत म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. लोक त्यांना आजही रयतमाउली म्हणतात.

माणूस जन्माने नव्हे, आचरणाने मोठा होतो, हे आपण प्रवचनात कितीदा ऐकतो. मग कामाला येणाऱ्या ताईंचा कप अजून खिडकीत वेगळा का? तो आपल्या कपांत आणून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. स्वयंपाकघर तर आपलेच आहे.