शुक्रवारची मॅच

मास्ट्रिख्टला आलात, की तुम्हाला जुने पूल, चर्च आणि वाड्यांसारखी घरं दाखवली जातात. मी मात्र तुम्हाला ए-२ महामार्गाला लागून असलेल्या डी ख्यूसेल्ट स्टेडियमवर नेईन, तेही शुक्रवारी रात्री. इथे एमव्हीव्ही खेळते. लाल जर्सीवर पांढरा तारा, म्हणजे शहराचंच मानचिन्ह. म्हणून यांना 'ताराधारी' म्हणतात.

१९०२ साली सुरू झालेला हा क्लब १९५६ मध्ये एरेडिव्हिझीच्या, म्हणजे डच फुटबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, पहिल्याच हंगामात होता. पण २००० साली तिथून जो घसरला, तो परत वर गेलाच नाही. २०१० मध्ये तर दिवाळखोरीच्या दारात उभा होता, तेव्हा महापालिकेने स्टेडियम विकत घेऊन हात दिला. आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळाची टीम अडचणीत आली, तर पेठ गप्प बसेल का? तसंच काहीसं.

या दुसऱ्या लीगला सध्या स्वयंपाकघरं विकणाऱ्या एका कंपनीचं नाव आहे, आधी बिअरचं होतं. हसू नका, यातूनच गाडा चालतो. सगळ्यांचा चालत नाही. २०१२-१३ च्या हंगामात आपेलडोर्नचा एजीओव्हीव्ही आणि फेंडमचा क्लब असे दोन क्लब हंगाम चालू असतानाच बुडाले. पुढच्या हंगामात लीग पुन्हा २० संघांची करताना आयाक्स, पीएसव्ही आणि ट्वेंटे या बड्या क्लबांच्या राखीव संघांना आत घेतलं गेलं.

हे तुम्हाला किरकोळ वाटेल. मला नाही वाटत. गावाची टीम गेली आणि तिच्या जागी श्रीमंत घरची पोरं सराव करायला आली. त्यांच्यामागे गाव नाही, गाडी भरून येणारे पाठीराखे नाहीत. या संघांना वरच्या लीगमध्ये जाताही येत नाही. म्हणजे एमव्हीव्ही जिवाच्या आकांताने खेळते, आणि समोरच्याला निकालाने फारसा फरक पडत नाही.

अमेरिकेतल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिथे छोट्या गावांच्या बेसबॉल टीमचे खेळाडू मुळातच वरच्या क्लबचे असतात, आणि २०२१ मध्ये अशा संलग्न टीम १६० वरून १२० वर आणल्या गेल्या. वरच्यांनी ठरवलं, गावांनी ऐकलं.

पण नियमाचा फायदाही कधी गावालाच होतो. २०१८ मध्ये आयाक्सचा राखीव संघ या लीगमध्ये पहिला आला. त्यांना वर जाता येईना, म्हणून दुसरा आलेला फॉर्च्युना सिटार्ड थेट वर गेला, तब्बल १६ वर्षांनी. सिटार्ड इथून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासाच्या आतलं गाव, आणि एमव्हीव्हीचं जुनं वैरी. त्या उन्हाळ्यात मास्ट्रिख्टकरांना काय वाटलं असेल, हे मंगळवार पेठेतल्या कुणालाही विचारा.