माशेलकर, रघुनाथ अनंत

(१ जानेवारी १९४३). भारतीय रासायनिक अभियंता. पॉलिमरची द्रावणे आणि जेल या मृदू पदार्थांवर मूलभूत संशोधन. हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्धच्या लढ्याने त्यांचे नाव घरोघरी पोचले. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची खरी कमाई मात्र या ना धड घन, ना धड द्रव अशा पदार्थांत आहे.

जन्म गोव्यातील माशेलचा. सहाव्या वर्षी वडील गेले. आई अंजनीबाईंनी मुंबईत, गिरगावात, कष्टाने वाढवले. युनियन हायस्कूलमध्ये भावे सरांनी भौतिकशास्त्र शिकवताना उन्हात भिंग धरून कागद जाळून दाखवला. विज्ञानाची ओढ तिथे लागली, असे माशेलकर सांगत आले आहेत. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) पदवी (१९६६) आणि मनमोहन शर्मांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. (१९६९). इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठातून १९७६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) आले.

भिंतीचा रंग ब्रशखाली सैल होतो, भिंतीवर मात्र ओघळत नाही. पाणी असे वागत नाही. अशा द्रावांच्या प्रवाहापासून ते जेलकडे वळले. जेल म्हणजे पाणी धरून बसलेले पॉलिमरचे जाळे. काही जेल सुमारे ३२ अंश सेल्सिअसपर्यंत पाण्यात फुगलेले, पारदर्शक असतात. पाणी जरा तापले की आकसतात, पांढरे पडतात. निवले की पुन्हा फुगतात. रेणूंच्या रचनेत कोणता बदल केला की हे तापमान सरकते, याचा शोध त्यांनी आशिष लेले, मनोहर बडिगेर आदी सहकाऱ्यांसह घेतला. एनसीएलमध्ये ‘जलशक्ती’ हा पाणी शोषणारा पॉलिमरही तयार झाला. पावसाने ताण दिला की मुळांशी ओल टिकावी, ही त्यामागची कल्पना.

भटनागर पुरस्कार (१९८२), एनसीएलचे संचालकपद (१९८९–९५), वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालकपद (१९९५–२००६), रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९९८), पद्मविभूषण (२०१४).

प्रशासनाच्या व्यापात आणि त्यानंतरही जेल सुटले नाही. एनसीएलमधील जुन्या सहकारी शायनी वर्गीस यांच्या अमेरिकेतील गटाने २०१२ मध्ये आपोआप सांधणारे जेल मांडले. त्या शोधनिबंधात माशेलकर आणि लेले सहलेखक आहेत. कापलेले दोन तुकडे आम्लधर्मी द्रावात टेकवले की काही सेकंदांत जुळतात, आम्लता गेली की सुटतात. लेले २०२१ मध्ये एनसीएलचे संचालक झाले.