कुंभार्लीचा घाट

पावसाळ्याच्या अखेरीस कऱ्हाडाहून चिपळुणास निघालेल्या प्रवाशास हेळवाक सोडल्यावर दोन गोष्टी एकदमच दिसूं लागतात : डोळ्यांचें पारणें फेडणारी सह्याद्रीची वनश्री आणि चाकांखालचे खड्डे. दोहोंचें मूळ एकच, तें म्हणजे पाऊस. कोयनेच्या खोऱ्यांत वर्षाकांठीं सुमारें २०० इंच पाऊस पडतो. याच महामार्गानें पूर्वेस विटा ओलांडून सांगली जिल्ह्यांतील जतपर्यंत जावें, तर तेथें २५ इंचांचीही मारामार!

घाट चढण्या-उतरण्याची गरज फार जुनी आहे. देशावर मीठ पिकत नाहीं आणि कोंकणांत धान्य पुरत नाहीं. म्हणून गाडीरस्ता होण्यापूर्वीं लमाणांचे बैलतांडे ही चढण चढत असत. वाशिष्ठीच्या खाडीनें चिपळुणास आलेलें मीठ, नारळ व सुकी मासळी वर येई. कऱ्हाड-तासगांवकडील गूळ, हळद व मिरची खालीं जाई. सातारचें राज्य १८४८ मध्यें खालसा झाल्यावर इंग्रजी अमदानींत गाडीरस्ता झाला. पुढें १८९० च्या सुमारास पुणें-मिरज लोहमार्ग सुरू झाला व व्यापाराचा बराच ओघ तिकडे वळला.

कोयना प्रकल्पानें या वाटेचें महत्त्व पुन्हां वाढविलें. वरतीं धरण झालें आणि घाटाच्या पायथ्याशीं पोफळीस वीजघर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त झालें. जुलै २०२१ मध्यें पाटण तालुक्यांतील आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळल्या आणि खालीं चिपळूण पुरांत बुडालें. अशा वेळीं रस्ता मोकळा असणें म्हणजे माणसें वांचणें होय.

घाटरस्त्याचा खरा शत्रु पाणी. डोंगराकडील गटार पानामातीनें तुंबलें आणि मोरी बुजली, कीं पाणी रस्त्यावरून दरीकडे धांवतें. डांबराखालची खडी सुटते, भराव खचतो आणि शेवटीं कठडाही दरींत जातो. यावरचा पहिला उपाय मोठ्या खर्चाचा नाहीं. मृग लागण्यापूर्वीं गटारें व मोऱ्या साफ करावयाच्या, इतकेंच. पूर्वीं मैलकुली कुदळ-फावडें घेऊन हेंच काम नेमानें करीत. आज ही वाट गुहागर-विजयपूर राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. तिचा क्रमांक बदलला, वाहनें बदललीं. पाऊस मात्र बदललेला नाहीं. घाट एकदां बांधून भागत नाहीं, तो दरसाल राखावा लागतो.