मांडी आणि पट्टा

कापूरहोळ म्हटलं की आज आपल्याला आठवतो बंगळूर हायवेवरचा भोरचा फाटा. इतिहासात मात्र हे गाव आहे ते धाराऊ गाडे हिच्यामुळे. संभाजीराजे 1657 साली पुरंदरावर जन्मले, आणि त्यांना दूध पाजायला धाराऊ आली ती या कापूरहोळची. पुढे 1659 मध्ये राजगडावर सईबाई गेल्या. दोन वर्षांच्या पोराला राहिली ती धाराऊची मांडी.

मांडीसारखी सुरक्षित जागा नाही, हे आपल्यात इतकं मुरलंय की मोटारीतही आपण तेच करतो. पुढच्या सीटवर आई, मांडीवर बाळ, आणि मागून आजी म्हणते, "घट्ट धर गं."

घट्ट म्हणजे किती हो? 10 किलोचं बाळ, ताशी 50 किलोमीटरचा वेग, आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर हातांवर येणारा भार साधारण 140 किलोचा! भरलेलं पोतं परवडलं. वर आईनेच पट्टा लावला नसेल तर तीही बाळावर आदळते. डोलीच्या वेगाला जे बरोबर होतं ते इथे चालत नाही.

हे फक्त आपलंच नाही बरं. अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या बेबी सीट पोराला बाहेरचं दिसावं आणि त्याने गाडीभर रांगू नये, एवढ्यासाठीच असत. जीव वाचवायचा विचार आला 1960 नंतर. अंतराळवीर उड्डाणात पाठ टेकून असतात, हे पाहून स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी 1964 च्या सुमारास बाळाला मागे तोंड करून बसवणारी सीट केली. तान्ह्याचं डोकं जड, मान कोवळी. समोरून धक्का बसला तर तो सबंध पाठीवर पसरतो. (पुढे एअरबॅग चालू असेल तर मात्र तिथे ही सीट मुळीच नको.)

रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने पाठपुरावा केला आणि 1978 पासून टेनेसी राज्यात पोरांच्या सीटचा कायदा लागू झाला, अमेरिकेतला पहिलाच. त्यात एक पळवाट घुसलीच : मोठ्या माणसाच्या मांडीवर बाळ असेल तर माफ! ती काढायला 1981 उजाडलं. म्हणजे मांडी तिथेही आडवी आली.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर 1000 रुपये दंड ठेवला. 2022 च्या नियमाने दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या पोराला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट सांगितलं, वेग 40 च्या आत. पदराने पोर पाठीशी बांधणाऱ्या बायका आठवल्या मला हे वाचून.

असो. वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका म्हणायचं) पोरं फिरतात ती वडापच्या जीपमधून, मागच्या आडव्या बाकांवर. त्या बाकाला ही सीट बांधायची कशी? तिथे अजून मांडीच.